कार्ड होतं, क्लिअरन्स नव्हता : ॲरिझोनातल्या एका मराठी शिक्षिकेचं प्रकरण

हे प्रकरण ज्यांचं आहे, त्यांनी स्वतः वाचून होकार दिल्यावरच इथं मांडतो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आमच्या मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेत त्या शिकवतात, माझी मुलगी त्यांच्या वर्गात होती, म्हणून मी त्यांना बाई म्हणतो. इथंही तेच नाव ठेवतो. मी संरक्षण खात्याची कामं घेणाऱ्या एका कंपनीत सुरक्षा अधिकारी आहे. कर्मचाऱ्यांच्या क्लिअरन्सचे, म्हणजे सरकारची गोपनीय माहिती पाहायच्या परवानगीचे, अर्ज तपासून पुढे पाठवणं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग. बाईंना नोकरी देऊ करणारी कंपनी मात्र दुसरी होती, त्यामुळे या सगळ्यात मी ओळखीचा माणूस म्हणूनच होतो.

पार्श्वभूमी

बाई सातारा जिल्ह्यातल्या. पुण्यात एम.एस्सी. गणित करून लग्नानंतर २००७ मध्ये फीनिक्सच्या परिसरात आल्या. एच-४ व्हिसावर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, आठ वर्षं घरी बसणं झालं. मे २०१५ मध्ये काही एच-४ धारकांना काम करायची परवानगी देणारा नियम लागू झाला, आणि त्याच वर्षी त्यांनी शाळेत शिकवायला सुरुवात केली.

ॲरिझोनात शिक्षक व्हायचं तर राज्याच्या सार्वजनिक सुरक्षा विभागाचं, म्हणजे डीपीएसचं, एक कार्ड लागतं. त्याचं नावच 'फिंगरप्रिंट क्लिअरन्स कार्ड'. दहा बोटांचे ठसे द्यायचे, फी स्वतःच्या खिशातून भरायची. ठसे आधी राज्याच्या नोंदींशी आणि मग वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्ग इथल्या एफबीआयच्या नोंदींशी ताडले जातात. राज्यांना परवाने आणि नोकऱ्यांसाठी एफबीआयच्या नोंदी पाहता याव्यात, याची सोय १९७२ च्या एका फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, कायद्यानं करून ठेवली आहे. कोणत्या गुन्ह्यामुळे कार्ड नाकारायचं त्याची यादी राज्याच्या कायद्यातच छापलेली आहे. यादीतलं काही सापडलं नाही की कार्ड घरी येतं आणि सहा वर्षं चालतं. काही गुन्ह्यांवरून नकार आला तर राज्याच्या फिंगरप्रिंटिंग बोर्डाकडे दाद मागता येते.

बाईंना कार्ड २०१५ मध्ये मिळालं, २०२१ मध्ये नवं झालं. ग्रीन कार्ड २०१६ मध्ये, नागरिकत्व २०२१ मध्ये. शाळा सांभाळून त्यांनी संख्याशास्त्रातली मास्टर्सही पूर्ण केली. सप्टेंबर २०२३ मध्ये एका संरक्षण कंत्राटदाराकडून विश्लेषक म्हणून ऑफर आली. पत्रात एक अट होती : 'सीक्रेट' दर्जाचा क्लिअरन्स.

अडचण

कंपनीच्या ऑनलाइन अर्जात प्रश्न होता : तुमच्याकडे क्लिअरन्स आहे का? बाईंनी 'हो, चालू आहे' असं निवडलं आणि देणाऱ्या संस्थेच्या रकान्यात ॲरिझोना राज्य लिहिलं. त्यांच्या मनात शंकाच नव्हती. कार्डावर तो शब्द ठसठशीत छापलेला होता. गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद वाटताना त्यांनी मलाही सांगितलं, "क्लिअरन्स आहेच माझा, आता नुसतं रुजू व्हायचं." मी अभिनंदन केलं आणि पुढच्या माणसाकडे वळलो. कोणता क्लिअरन्स, एवढं विचारायला हवं होतं. माझ्या रोजच्या कामातला प्रश्न, आणि तो मी विचारला नाही, ही खंत अजून आहे.

पुढच्या आठवड्यात बाईंनी शाळेला राजीनामा दिला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कंपनीच्या मनुष्यबळ विभागाचा फोन आला : फेडरल यंत्रणेत तुमच्या नावावर काहीच दिसत नाही. तुम्ही लिहिलंय तो कोणता क्लिअरन्स? त्या संध्याकाळी बाईंनी मला फोन केला.

बाईच काय, इथली पुष्कळ माणसं या शब्दाला फसतात. पेनसिल्व्हेनियात शिक्षक आणि स्वयंसेवक सर्रास 'माझे क्लिअरन्सेस झाले' म्हणतात. तिथं तो शब्द राज्य पोलिसांची तपासणी, बालअत्याचाराच्या नोंदीची तपासणी आणि एफबीआयकडची ठशांची तपासणी या तिन्हींना मिळून वापरतात. फ्लोरिडातल्या ठशांच्या तपासणीचं नाव 'लेव्हल टू'. ऐकणाऱ्याला वाटतं, कुठल्यातरी गुप्ततेची दुसरी पायरी असावी. एफबीआयकडे ठसे जाऊन आले म्हणजे फेडरल सरकारनं आपल्याला पारखलं, असाही समज होतो. तिथं कोणी आपल्याला पारखत नाही. ठसे जुळणारी नोंद सापडली का, एवढंच उत्तर परत येतं.

फेडरल क्लिअरन्सचा अर्ज तर माणसाला आपणहून करताच येत नाही. सरकारी खात्यानं किंवा मान्यताप्राप्त कंत्राटदारानं नाव पुढे करावं लागतं. अर्जदाराला फी नसते. एसएफ-८६ हा अर्ज शंभराहून अधिक पानांचा आहे. कंत्राटदारांच्या बाबतीत तपास डीसीएसए ही संरक्षण खात्याची संस्था करते. २०१९ पासून सरकारातला असा बहुतेक तपास तिच्याकडेच आहे. ठसे इथंही घेतात, पण नव्यानं. शाळेसाठी दिलेले ठसे इथं चालत नाहीत. त्याखेरीज पतअहवाल, स्थानिक पोलीस आणि न्यायालयांच्या नोंदी, सरकारच्या इतर खात्यांतल्या फायली असं बरंच काही पाहिलं जातं. निर्णय तेरा निकषांवर होतो. २०१७ पासून ते सगळ्या फेडरल खात्यांना समान आहेत : निष्ठा, परदेशी प्रभाव, वैयक्तिक वर्तन, पैशांचे व्यवहार, गुन्हे वगैरे. नापासाची ठरलेली यादी नसते, माणसाचा समग्र विचार करायचा असतो. उरलेली शंका मात्र देशाच्या सुरक्षिततेच्या बाजूनं धरली जाते. क्लिअरन्स हा कोणाचा हक्क नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९८८ मध्ये ईगन प्रकरणात म्हटलं आहे.

हे सगळं फोनवर सांगून झालं. बराच वेळ पलीकडून आवाज आला नाही. मग बाई म्हणाल्या, "मग ते दुकानातलंही विचारतील का?"

दडलेली नोंद

नोव्हेंबर २०१७. एका मोठ्या दुकानात स्वतः बिल करायच्या काउंटरवर बाईंनी सामान स्कॅन केलं. ट्रॉलीच्या खालच्या फळीवरचा चाळीसएक डॉलरचा लाइटच्या माळांचा खोका राहून गेला. दारात अडवलं, पोलीस आला. त्यानं ठाण्यात नेलं नाही, ठसेही घेतले नाहीत. हातात समन्सचा कागद दिला : किरकोळ चोरीचा आरोप, अमुक दिवशी शहर न्यायालयात हजर राहा. बाई अशा आरोपींसाठीच्या एक दिवसाच्या वर्गाला बसल्या, फी भरली आणि खटला काढून टाकण्यात आला. बाईंचे मिस्टर सोडून हे कोणालाही माहीत नव्हतं, सासरी नाही आणि माहेरी तर नाहीच.

२०२१ मध्ये कार्ड नवं करताना काहीच आडवं आलं नाही. कारण साधं आहे : ठशांवर चालणाऱ्या यंत्रणेला ठसे न घेतलेली घटना सापडतच नाही. आणि सापडली असती तरी खटला निघून गेलेला होता. बाईंनी मात्र त्यातून एवढंच घेतलं, की 'सरकारनं पाहिलं आणि ते मिटलं.'

त्यात भर पडली १ जानेवारी २०२३ ची. त्या दिवसापासून ॲरिझोनात न्यायालयीन नोंद सीलबंद करून घेण्याचा कायदा लागू झाला. बाईंनी वकिलामार्फत अर्ज केला आणि जूनमध्ये नोंद सील झाली. वकिलानं सांगितलं, आता कोणी विचारलं तर असं काही घडलंच नाही असं म्हणायची मुभा कायदा तुम्हाला देतो, काही अपवाद आहेत. राज्यापुरतं ते बरोबर होतं. अपवादांत काय आहे आणि फेडरल अर्जाचं काय, हे ना बाईंनी विचारलं ना वकिलानं सांगितलं.

एसएफ-८६ च्या बाविसाव्या भागात मागच्या सात वर्षांत फौजदारी प्रकरणात समन्स, साइटेशन किंवा न्यायालयात हजर राहण्याचं तिकीट मिळालं का, असा प्रश्न आहे. म्हणजे अटक झाली नसली तरी 'हो'. तिथल्याच सूचनेत लिहिलंय, की नोंद सील केलेली असो, पुसलेली असो किंवा आरोप काढून टाकलेला असो, तरी सांगा. एक अगदी अरुंद अपवाद आहे, तो फेडरल अमली पदार्थ कायद्याखालच्या ठरावीक आदेशांचा. तो बाईंना लागू नव्हता.

पर्याय

पहिला पर्याय : गप्प बसायचं. बाईंनी तो उघड मांडला, आणि मला ते आवडलं, कारण बहुतेक लोक तो मनात ठेवून घरी जातात. "ठशांत नाही, न्यायालयात सील आहे. कोणाला कळणार?" मी विचारलं, "नागरिकत्वाच्या अर्जात काय लिहिलं होतं?" एन-४०० मध्ये कधीही अटक, साइटेशन किंवा स्थानबद्धता झाली का, असा प्रश्न असतो. बाईंनी तिथं खरं लिहिलं होतं आणि न्यायालयाच्या आदेशाची प्रतही जोडली होती. म्हणजे एका सरकारी फायलीत त्यांच्याच सहीचं 'हो' होतं, दुसऱ्या फायलीत त्यांच्याच सहीचं 'नाही' जाणार होतं. चाळीस डॉलरच्या खोक्यावरून क्लिअरन्स सहसा अडत नाही. खोट्या उत्तरावरून मात्र अडू शकतो. फेडरल सरकारला जाणूनबुजून खोटं सांगणं हा पाच वर्षांपर्यंत तुरुंगवासाचा गुन्हाही आहे. खरं सांगायचं तर एन-४०० ची गोष्ट नसती तरी माझा सल्ला हाच असता. ती निघाल्यामुळे बाईंना तो पटायला सोपा गेला, इतकंच.

दुसरा पर्याय शेताचा होता. वडील २०१९ मध्ये गेले. वारसनोंद झाली, फेरफार झाला आणि सातबाऱ्यावर आई, भाऊ आणि बाई अशी तीन नावं लागली. अर्जात परदेशातल्या स्थावर मालमत्तेची माहिती मागतात, नातेवाईकांचीही मागतात. भाऊ भारतीय लष्करातून निवृत्त झालेला, आणि परदेशी सरकार किंवा सैन्याशी नातेवाईकांचा संबंध हा तर थेट प्रश्न आहे. घाबरून बाई म्हणाल्या, "भावाच्या नावे हक्कसोडपत्र करून टाकते. दिवाळीच्या सुट्टीत जाऊन सही करून येते, मग लिहायला काही उरतच नाही."

इथं मी जरा जोरानं 'नको' म्हणालो. एक तर प्रश्न फक्त आज काय आहे असा नाही, आधी कधी होतं का असाही आहे. म्हणजे सही करूनही उत्तर 'हो'च राहणार होतं. वर अर्जाच्या तोंडावर घाईनं केलेलं हक्कसोडपत्र पाहून कोणीही विचारेल, हे आत्ताच का? दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. मुलीच्या नावानं सातबाऱ्यावर लागलेली ती ओळ आपल्याकडे किती बायकांना मिळते? किती जणींकडून राखीपौर्णिमेच्या आधी गोडीगुलाबीनं सह्या घेतल्या जातात? ती ओळ एका अर्जाच्या भीतीनं खोडायची, हे मला बघवेना. जमीन भावाला द्यायचीच असेल तर क्लिअरन्स मिळाल्यावर स्वतःच्या मनानं द्या, एवढंच मी म्हणालो.

तिसरा पर्याय : ऑफर नाकारून शाळेत परत जायचं. हाही खरा पर्याय होता, आणि बाईंचे मिस्टर त्याच बाजूचे होते. "कशाला पाहिजे ही चौकशी? मंडळात कोणाला कळलं तर?" या भीतीला हसण्यात अर्थ नाही. लहान समाजात माणूस पोलिसांपेक्षा शेजारच्या टेबलावरच्या कुजबुजीला घाबरतो. 'सीक्रेट'साठी सहसा शेजारीपाजारी फिरून विचारपूस होत नाही, आणि अर्जातली माहिती १९७४ च्या प्रायव्हसी ॲक्टच्या संरक्षणाखाली असते, हे सांगितल्यावर दोघांच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा उतरला.

चौथा पर्याय होता सगळं लिहून द्यायचं. दोन दिवसांनी बाईंचा मेसेज आला : "लिहिते."

काय केलं

सर्वांत आधी कंपनीला लेखी दुरुस्ती पाठवली. अर्जात 'क्लिअरन्स चालू' लिहिलं ते राज्याच्या शिक्षक कार्डाबद्दल होतं, फेडरल क्लिअरन्स माझ्याकडे कधीच नव्हता, गैरसमज माझा. चार ओळी, बस. ही दुरुस्ती कोणी सिद्ध करायला लावण्याआधी जायला हवी होती, म्हणून त्या रात्रीच गेली. कंपनीनं ऑफर मागे घेतली नाही, पण रुजू होण्याची तारीख काढून टाकली.

मग एसएफ-८६. पत्ते, नोकऱ्या, भारतवाऱ्यांच्या तारखा यांतच दोन आठवडे गेले. पासपोर्टवरचे शिक्के आणि जुन्या तिकिटांचे ईमेल समोर ठेवून बाईंनी एकेक प्रवास जुळवला. नागरिकत्वाच्या भागात एक अडखळ आली ती ओसीआय, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया', कार्डाची. नावात 'सिटिझन' आहे, पण भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. अमेरिकेचं नागरिकत्व स्वेच्छेनं घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. बाईंनी दुहेरी नागरिकत्वाला 'नाही' लिहिलं, रद्द झालेल्या भारतीय पासपोर्टची माहिती दिली आणि शेऱ्यात ओसीआय म्हणजे काय ते दोन वाक्यांत सांगितलं.

आईबरोबरच्या जोड खात्यात वडिलांच्या ठेवींचे पैसे आले होते, त्यामुळे भारतातल्या खात्यांची बेरीज एका वर्षी दहा हजार डॉलरच्या वर गेली होती. तेवढ्यावर अमेरिकेच्या अर्थखात्याला दरवर्षी एफबीएआर नावाचं विवरण द्यावं लागतं. बाईंना ते माहीतच नव्हतं. सीपीएकडे, म्हणजे करसल्लागाराकडे, जाऊन राहिलेली विवरणं भरली, व्याजासाठी करपत्रकं दुरुस्त केली. हे सगळं एसएफ-८६ वर सही करण्याआधी झालं.

दुकानातल्या प्रसंगाचा पहिला मसुदा दीड पानाचा होता. त्यात गर्दी होती, रडणारी मुलगी होती, त्याच वेळी आलेला सासूबाईंचा फोन होता. मी अर्ज कसा भरावा हे सांगितलं नाही, सांगणारही नव्हतो. फक्त विचारलं, "यातलं त्यांनी काय विचारलंय?" दुसऱ्या मसुद्यात तारीख, दुकान कोणत्या शहरात, पोलीस विभाग, न्यायालय, आरोप, निकाल, नोंद सील झाल्याची तारीख आणि एक वाक्य : खोका बिलातून राहिला, माझं लक्ष नव्हतं. नागरिकत्वाच्या वेळची न्यायालयीन आदेशाची प्रत कपाटात होतीच, ती हाताशी ठेवली.

निष्पत्ती

तपास चालू असताना पुष्कळांना तात्पुरता क्लिअरन्स मिळतो. बाईंना मिळाला नाही, आणि त्या नकाराविरुद्ध दाद मागायची सोय नसते. हातची नोकरी सुटली होती, नवी सुरू होत नव्हती. त्या नऊ-दहा महिन्यांत घर चाललं ते त्याच जुन्या कार्डावर : बाई शेजारच्या दोन शाळांत बदली शिक्षिका म्हणून जात राहिल्या. फेडरल दारात ज्याला काही किंमत नव्हती, ते कार्ड शाळेच्या दारात पूर्ण चालत होतं.

फेब्रुवारीत तपास अधिकाऱ्यानं मुलाखतीला बोलावलं. 'सीक्रेट'साठी ती प्रत्येकाची होत नाही, विचारण्यासारखं काही असलं तर होते. सुमारे दोन तास. दुकानाबद्दल दहा मिनिटं, शेत आणि भाऊ यांबद्दल तासभर. उसाचे पैसे कोणाला मिळतात, तुम्ही कधी घेतले का, भावाशी किती वेळा बोलता, तो आता काय करतो. बाईंना सगळ्यात अवघड गेला तो प्रश्न वेगळाच होता : "उद्या ती जमीन गेली तर तुमचं काय बिघडेल?" त्यांनी खरं उत्तर दिलं. पैशानं काही नाही, मनानं खूप. त्या मला हे सांगताना आवाज कापत होता, आणि मला वाटतं अधिकाऱ्यानंही ते तसंच लिहून घेतलं असणार.

जुलै २०२४ मध्ये क्लिअरन्स मंजूर झाला. ज्या जागेसाठी ऑफर होती ती तोवर भरली गेली होती. बाई दुसऱ्या गटात, थोड्या कमी पगारावर रुजू झाल्या.

वेगळं काय करता आलं असतं

राजीनामा. नऊ-दहा महिन्यांची ओढाताण त्या एका कागदानं झाली. ऑफरच्या पत्रात क्लिअरन्सची अट दिसली, की हातची नोकरी सोडण्याआधी कंपनीच्या सुरक्षा कार्यालयाला दोन प्रश्न लेखी विचारावेत : माझ्यासाठी अर्ज तुम्ही कधी सुरू करणार, आणि तात्पुरता क्लिअरन्स मिळाला नाही तर मला विनाक्लिअरन्सचं काम देणार का? बाईंच्या कंपनीत तसं काम होतं, हे नंतर कळलं. कोणी मागितलंच नव्हतं.

वकिलाला नोंद सील करण्याआधी सांगायला हवं होतं, की पुढे फेडरल कामाचा विचार आहे. सील करणं चुकीचं नव्हतं. घरमालक, खासगी कंपन्या यांच्यापुढे त्याचा उपयोग आहेच. पण 'आता नाही म्हणायला हरकत नाही' हे वाक्य कोणापुढे चालतं आणि कोणापुढे नाही, हे त्याच बैठकीत स्पष्ट व्हायला हवं होतं.

आणि मी. आता मंडळात कोणी 'क्लिअरन्स' म्हटलं की मी पहिल्यांदा विचारतो, कोणी दिला? राज्याचं नाव आलं की बाजूला घेऊन बसतो. अशी तीन संभाषणं गेल्या वर्षभरात झाली. दोन शिक्षिका होत्या, एक जण शाळेच्या फुटबॉल संघाचा स्वयंसेवक.

बाईंचं डीपीएसचं कार्ड २०२७ पर्यंत आहे, आणि ते नवं करून ठेवायचं त्यांनी ठरवलंय. आता त्या सतत चालणाऱ्या तपासणीखाली आहेत, परदेश प्रवास आधी कळवावा लागतो. चैत्रात गावच्या यात्रेला जायचं म्हणून त्यांनी सुरक्षा कार्यालयाला ईमेल पाठवला, त्यात तारखा, विमान आणि मुक्कामाचा पत्ता लिहिला. पत्त्याच्या जागी आईचं घर होतं. सातबाऱ्यावरची तीन नावं अजून तशीच आहेत.